लष्करी तळाचा पर्यावरण आढावा: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

लष्करी तळाचा पर्यावरण आढावा म्हणजे तोफा-रणगाड्यांनी केलेली नासधूस मोजणं, अशी समजूत घेऊन बरेच जण अमेरिकेत या कामाला लागतात. ती आधी बाजूला ठेवा. तळावर काही नवं बांधायचं किंवा बदलायचं ठरलं, की त्याचा निसर्गावर काय परिणाम होईल हे आधीच तपासणं, हे खरं काम.

कॅलिफोर्नियातला मरीन कोअरचा, म्हणजे अमेरिकेच्या सागरी सैन्यदलाचा, कॅम्प पेंडलटन पाहा. १९४२ साली उभारलेला, सुमारे सव्वा लाख एकरांचा, जवळपास २७ किलोमीटर किनारा असलेला तळ. लॉस एंजेलिस ते सॅन डिएगोचा बाकी किनारा घरांनी भरत गेला, पण सरावासाठी राखलेली ही जमीन बरीचशी मोकळी राहिली. म्हणून लीस्ट टर्न आणि स्नोई प्लोव्हर हे पक्षी आजही इथल्या वाळूत अंडी घालतात. वीसेक वर्षं कुणाला न दिसलेला पॅसिफिक पॉकेट माउस हा छोटासा उंदीर नव्वदच्या दशकात पुन्हा सापडला, तेव्हा त्याचे काही शेवटचे ठावठिकाणे याच तळावर निघाले. अशा माळावर बराकी किंवा गोदामं बांधायचा प्रस्ताव आला, की मला सरावापेक्षा त्या काँक्रीटची धास्ती जास्त वाटते. ते एकदा ओतलं की माळ परत येत नाही.

आढाव्याचा कस लागतो तो ‘नो अॅक्शन’ या पर्यायात, म्हणजे काहीच बदललं नाही तर जमीन कशी वापरली जाईल, याच्या वर्णनात. नकाशावर नुसतं ‘सराव क्षेत्र’ लिहिलेलं असतं. तिथे कोणत्या महिन्यांत गाड्या फिरतात, रात्री गोळीबार होतो का, पावसाचं पाणी कुठून वाहतं, हे सराव क्षेत्र सांभाळणाऱ्या माणसांना विचारावं लागतं. वेळ काढून त्यांच्याजवळ बसा, जुनी हवाई छायाचित्रं पुढे ठेवा, ऐकून घ्या. हे वर्णन कच्चं राहिलं तर पुढची परिणामांची सगळी प्रकरणं डळमळतात.

कायद्यांत नेपा (नॅशनल एन्व्हायर्न्मेंटल पॉलिसी अॅक्ट) मुख्य; सरकारी प्रकल्पाचे पर्यावरणावरचे परिणाम आधी तपासायला लावणारा हा कायदा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर छोट्या मूल्यांकनाला ७५ पानं आणि एक वर्ष, मोठ्या अहवालाला साधारण १५० पानं आणि दोन वर्षं अशी मर्यादा आहे. त्यामुळे नेमकं लिहिता येणं हे मला जीआयएसइतकंच, म्हणजे संगणकावरच्या नकाशाकामाइतकंच, मोलाचं कौशल्य वाटतं.

किनारा म्हटला की १९७२ चा किनारी क्षेत्र व्यवस्थापन कायदाही आला. तळाची संघराज्य सरकारच्या मालकीची जमीन राज्याच्या किनारी क्षेत्रातून वगळलेली असते, म्हणून राज्याचा संबंधच नाही असं नवख्यांना वाटतं. पण गाळ, सांडपाणी, किनाऱ्यावरची ये-जा यांचे परिणाम कुंपणापाशी थांबत नाहीत. असे परिणाम संभवत असतील, तर प्रकल्प राज्याच्या किनारी धोरणाशी सुसंगत आहे असं निवेदन अंतिम मंजुरीच्या किमान ९० दिवस आधी द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात ते कोस्टल कमिशन या राज्याच्या किनारी आयोगाकडे जातं.

वेळापत्रक मात्र पक्ष्यांपासून सुरू करा. प्लोव्हरचा विणीचा हंगाम मार्च ते सप्टेंबर. त्या काळातली पाहणी हुकली तर पुढच्या वसंतापर्यंत थांबा. धोक्यातल्या प्रजातींबाबत फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्राच्या वन्यजीव खात्याशी होणाऱ्या औपचारिक सल्लामसलतीला नियमाप्रमाणे १३५ दिवस धरलेले असतात, तेही माहिती पूर्ण दिल्यानंतर.

नोकरीचं सांगायचं तर, केंद्र सरकारच्या पदांना बहुतेक वेळा अमेरिकन नागरिकत्व लागतं. व्हिसावर असाल तर सल्लागार कंपन्यांकडे वळा, आणि अर्ज करण्याआधीच विचारून घ्या की त्या कामासाठी तळावर प्रवेशाच्या अटी काय आहेत.