कमांडचं आउटपुट वेब पेजवर लाइव्ह दाखवताय? या चुका टाळा

डिप्लॉयचं, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याचं, बटण दाबलं की स्क्रिप्टची एकेक ओळ पेजवर उमटत जावी, एवढीच अपेक्षा असते. प्रत्यक्षात पेज बराच वेळ कोरं राहतं आणि मग सगळं आउटपुट एकदम येऊन आदळतं. अशा वेळी अनेक जण लगेच वेबसॉकेट, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलता येणारं कनेक्शन, लावायला घेतात. ही पहिली चूक. सर्व्हरकडून ब्राउझरकडे नुसता मजकूर पाठवायचा असेल तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, म्हणजे एसएसई, पुरतं. आणि आउटपुट आधीच कुठे तरी तुंबलं असेल, तर वेबसॉकेट लावूनही ते तिथेच राहणार.

बहुतेकदा ते खुद्द कमांडमध्येच अडकलेलं असतं. लिनक्सवर सी लायब्ररी आधी बघते, की स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलला जोडलंय का. जोडलेलं असेल तर ओळ संपली की मजकूर बाहेर पडतो. पाइपला, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटेला, जोडलेलं असेल तर काही हजार बाइटचा बफर (मजकूर साठवायची तात्पुरती जागा) भरेपर्यंत काहीच बाहेर येत नाही. म्हणूनच एसएसएचने सर्व्हरच्या टर्मिनलवर जाऊन चालवली तर ओळीओळीने चालणारी स्क्रिप्ट तुमच्या ॲपमधून चालवली की गप्प बसते. इथे पायथनच्या सबप्रोसेसमध्ये (बाहेरची कमांड चालवणारं मॉड्यूल) बफसाइझ, म्हणजे बफरचा आकार, बदलत बसण्यात वेळ घालवू नका. तो आकडा पाइपच्या तुमच्या टोकापुरता असतो, कमांडच्या आतल्या बफरला तो हात लावत नाही.

इलाज कमांडच्या बाजूलाच करावा लागतो. चालवायची स्क्रिप्ट पायथनची असेल तर -यू हा पर्याय द्या. ग्रेपला स्वतःचा लाइन-बफर्ड पर्याय आहे. बाकीच्या बऱ्याच कमांडपुढे 'एसटीडीबफ -ओएल' लावलं की काम होतं. स्टॅटिक लिंक केलेल्या (सी लायब्ररी आतच बांधलेल्या) किंवा स्वतःचा बफर स्वतः सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर मात्र त्याची मात्रा चालत नाही. तिथे स्यूडो-टर्मिनल, म्हणजे खोटं टर्मिनल, द्यावं लागतं, पण माझ्या मते तो शेवटचा पर्याय. समोर टर्मिनल आहे असं वाटलं की प्रोग्राम रंगांचे एस्केप कोड आणि प्रोग्रेस बारही पाठवू लागतो.

प्रोग्रेस बारचा घोळ तर फार फसवा. बार त्याच ओळीवर पुन्हा लिहिण्यासाठी कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला नेणारी खूण) वापरतो, आणि एसएसईच्या नियमांत कॅरेज रिटर्न म्हणजेही ओळ संपली, शिवाय मजकुराच्या प्रत्येक ओळीआधी 'डेटा:' लागतं. त्यामुळे '१०%' पेजवर पोचतो, पण त्याला चिकटून आलेल्या '२०%' पुढे 'डेटा:' नसल्याने ब्राउझर तो टाकून देतो. एरर कुठेच दिसत नाही. प्रत्येक तुकडा जेसन या डेटा-स्वरूपात गुंडाळून पाठवा, त्यात कॅरेज रिटर्न साध्या अक्षरांत लिहिला जातो आणि प्रश्न मिटतो.

कमांड सुटली, तरी पेज कोरंच? मग ॲपच्या पुढे बसून विनंत्या पुढे पाठवणारा वेब सर्व्हर, एनजिनएक्स, तपासा. त्याचं प्रॉक्सी बफरिंग, म्हणजे ॲपचं उत्तर साठवून मग पाठवणं, मुळातच चालू असतं. रिस्पॉन्समध्ये 'एक्स-ॲक्सेल-बफरिंग: नो' हा हेडर द्या. खात्री करायला आधी थेट ॲपच्या पोर्टवर 'कर्ल -एन' (टर्मिनलवरून यूआरएल मागवणारी कमांड) मारा, मग एनजिनएक्समार्फत. पहिल्यात ओळी येतात आणि दुसऱ्यात येत नाहीत, तर दोषी सापडला. शिवाय ६० सेकंद काहीच आलं नाही तर एनजिनएक्स कनेक्शन तोडतो. कमांड मध्येच बराच वेळ शांत राहणारी असेल तर दर १५ सेकंदांनी नुसत्या कोलनने सुरू होणारी एक ओळ पाठवत राहा, ब्राउझर ती दुर्लक्षित करतो. पायथन ॲप चालवणाऱ्या गुनिकॉर्न सर्व्हरचा सिंक वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणारा) वापरत असाल तर तो ३० सेकंदांतच मारला जाईल, तिथे थ्रेडवाला वर्कर घ्या.

आता सगळ्यात घातक चूक. ब्राउझरमधला एसएसई वाचणारा इव्हेंटसोर्स कनेक्शन तुटलं की आपणहून पुन्हा जोडतो. त्या यूआरएलवर गेट (वाचण्याची विनंती) आली की कमांड सुरू, असा कोड लिहिला असेल तर वायफाय क्षणभर गेलं तरी डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) दुसऱ्यांदा सुरू होतं. इतकंच काय, कमांड नीट संपून सर्व्हरने स्ट्रीम बंद केला तरी ब्राउझरला ते तुटणंच वाटतं, आणि कमांड पुन्हा धावते. कमांड सुरू करणं आणि तिचं आउटपुट बघणं ही दोन कामं वेगळीच ठेवा. पोस्टने (काम सुरू करण्याची विनंती) जॉब सुरू करून त्याचा आयडी परत द्या, आउटपुट फाइलमध्ये लिहा, आणि गेटवर फक्त ती फाइल वाचा. प्रत्येक इव्हेंटला क्रमांक द्या. पुन्हा जोडताना ब्राउझर शेवटचा क्रमांक 'लास्ट-इव्हेंट-आयडी' हेडरमध्ये पाठवतो, तिथून पुढे सुरू करा. शेवटी एक्झिट कोडसह (कमांड यशस्वी झाली की फसली हे सांगणारा आकडा) वेगळा इव्हेंट पाठवा आणि तो आला की पेजवर क्लोज करा.

एररचं आउटपुट वेगळ्या पाइपमध्ये घेऊन वाचायचं राहिलं, तर लिनक्सवर साधारण ६४ केबी भरल्यावर कमांड जागच्या जागी थांबते. ते स्टँडर्ड आउटपुटमध्येच मिसळा. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, त्यामुळे मिळेल तो तुकडा लगेच डीकोड केला तर मराठी फाइलनावांत मधूनच चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. अर्धवट अक्षर पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवणारा इन्क्रिमेंटल डीकोडर वापरा. पेजवर लिहिताना इनरएचटीएमएल नको, टेक्स्टकंटेंट वापरा. लॉगमधल्या इमेज टॅगच्या 'ऑनएरर'मध्ये लपलेला कोड तुमच्या ॲडमिनच्या ब्राउझरमध्ये चालायला नको.

'थांबवा' बटण दिलं असेल तर नुसती शेल मारून भागत नाही, तिने सुरू केलेला आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) मागे चालूच राहू शकतो. कमांड नव्या सेशनमध्ये सुरू करा आणि थांबवताना सगळ्या प्रोसेस ग्रुपला सिग्नल द्या.