इंदूरात रेडिएशनवर कार्यक्रम ठेवायचाय? असं करा

एईआरबी, म्हणजे १९८३ पासूनचं आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ, आणि रेडिएशन प्रोटेक्शनवाल्यांची असोसिएशन, दोघांना एकदमच पत्र टाका, कारण नियम पहिले सांगतील पण समजावून सांगायला दुसरे बरे पडतात. भाषण वीस मिनिटं, बस. मग सर्व्हे मीटर (रेडिएशन मोजायचं हातातलं यंत्र) जुन्या पेट्रोमॅक्सच्या थोरियमवाल्या, म्हणजे किंचित किरणोत्सर्गी, मँटलजवळ न्या (मँटल पाकिटातच राहू द्या), टिकटिक वाढली की मागच्या रांगेतले काकासुद्धा उठून पुढे येतात. तेव्हाच सांगा की निसर्गातूनच जगात सरासरी साधारण २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेलं रेडिएशन मोजायचं माप) वर्षाला मिळतं, जनतेसाठीची वर्षाला १ ची मर्यादा त्याच्याखेरीज मिळणाऱ्या रेडिएशनसाठी. "मग आमचा एक्स-रे?" हे कुणीतरी विचारणारच, तो त्या १ मध्ये धरत नाहीत. पोहे-जलेबी शेवटी, आधी दिली तर हॉल रिकामा.