ट्रंकेत जपलेल्या कापडाचे जेवणाचे रुमाल

कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत ट्रंकेच्या तळाशी ओटीत आलेले ब्लाउजपीस आणि कधीतरी इचलकरंजीहून आणलेले पॉपलिन ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून वर्षानुवर्षे पडून असते. त्याचे जेवताना मांडीवर घ्यायचे रुमाल उत्तम होतात; अंबाबाईच्या ओटीचा प्रसाद म्हणून मिळालेला खण मात्र मी त्यातून वगळते, कारण त्याला तोंड पुसणे मनाला पटत नाही.

कात्री हाती घेण्याआधी कापड उजेडासमोर धरून घडीच्या रेषा पाहाव्यात, कारण जुने कापड आधी तिथेच विरते. दोन्ही हातांनी ओढल्यावर ते टरकले, तर तेवढा भाग सोडून द्यावा. नंतर कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून खळ काढावी, साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. डांबराच्या गोळ्यांचा वासही त्याने बराच जातो. घाईत न धुताच शिवलेले माझे सहा रुमाल पहिल्याच धुण्यात आटले आणि त्यांच्या कडा पापडासारख्या वेड्यावाकड्या झाल्या. वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच जिरला तर कापड रुमालाच्या कामाचे, मोत्यासारखा तसाच राहिला तर त्याची पिशवी शिवावी. रंग पक्का आहे की नाही, हे ओल्या कोपऱ्यावर पांढरा फडका ठेवून इस्त्री फिरवली की कळते.

८० सेंटिमीटर लांबीच्या ब्लाउजपीसमधून ३८ सेंटिमीटरचे चार चौकोन निघतात. एक आडवा धागा ओढून काढल्यास जी बारीक रेष उमटते, तिच्यावरून कापावे, म्हणजे चौकोन तिरका जात नाही. किनारीचा घट्ट भाग कापून टाकावा.

चारही बाजू उलट्या अंगाला आधी १ आणि पुन्हा १ सेंटिमीटर दुमडून इस्त्री करावी. शिवल्यावर रुमाल ३४ सेंटिमीटरचा उरेल. खरी कसोटी कोपऱ्याची असते. घड्या उलगडाव्यात आणि आतल्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्या बिंदूवरून कोपरा तिरका आत दुमडावा. दुमडीच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर ठेवून टोक कापावे व बाजू पूर्वीच्याच घड्यांवर परत बसवाव्यात, म्हणजे दोन्ही पट्ट्या तिरक्या रेषेवर नेमक्या भेटतात आणि कोपऱ्यात गाठोडे होत नाही. १४ नंबरची सुई आणि अडीच मिलिमीटरचा टाका ठेवून आतल्या कडेलगत शिवावे, कोपऱ्यावर सुई कापडातच ठेवून मशीनचा दाब (कापड दाबून धरणारा पाय) उचलावा आणि रुमाल वळवावा. रिळाचा रंग जुळवण्यासाठी महाद्वार रोडला जाताना कापडाचा तुकडा सोबत न्यावा, आठवणीवर विसंबू नये.

तांबड्या रश्शाचा डाग पडल्यास आधी भांड्याच्या साबणाने तेल काढावे. हळद साबण लागताच लाल दिसते, तेव्हा घाबरू नये. खळबळून ओला रुमाल उन्हात टाकावा, दोन-तीन उन्हांत डाग बराच फिका पडतो.