जुन्या बचावपटूची आठवण कशी लिहावी : जर्नेल सिंग यांच्या निमित्ताने

फुटबॉलमधील आघाडीच्या खेळाडूवर स्मरणलेख लिहिणे तुलनेने सोपे असते, कारण त्याने केलेले गोल कुठे ना कुठे नोंदलेले असतात आणि त्या नोंदींच्या आधारे लेख उभा राहतो. बचावपटूचे तसे नसते. त्याने वेळेवर पाय घालून तोडलेला पास, समोरच्या विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला, कडेला रेटत नेऊन वाया घालवलेली त्याची धाव, कॉर्नरच्या वेळी सर्वांच्या आधी घेतलेली उडी, यांपैकी काहीही निकालाच्या रकान्यात उतरत नाही. त्यामुळे आपल्या क्लबच्या जुन्या बचावपटूसाठी स्मरणिका काढायची किंवा छोटा कार्यक्रम करायचा ठरले, की चाहत्यांच्या लेखणीतून ‘पोलादी’, ‘निडर’, ‘अभेद्य भिंत’ असे शब्द येतात, आणि तेच शब्द दुसऱ्या कोणत्याही बचावपटूच्या नावापुढे तितकेच चपखल बसतात. ज्या माणसावर आपण जीव लावला तो त्या लेखात सापडत नाही. हे टाळण्याची रीत कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबचे बचावपटू जर्नेल सिंग यांचे उदाहरण घेऊन येथे मांडली आहे. आपल्या क्लबच्या खेळाडूलाही ती लागू पडेल.

सर्वप्रथम एका कागदावर खेळाडूच्या कारकिर्दीचा सांगाडा उतरवावा. त्यात एकही विशेषण नसावे. जर्नेल सिंग यांचा सांगाडा असा होईल : जन्म २० फेब्रुवारी १९३६, फाळणीनंतर पंजाबात होशियारपूर जिल्ह्यात वाढले, माहिलपूरच्या खालसा कॉलेजात खेळले, कलकत्त्यात आधी राजस्थान क्लब आणि १९५९ पासून मोहन बागान, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारतीय संघात, १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक, १९६४ मध्ये अर्जुन पुरस्कार, पुढे भारताचे कर्णधार, १३ ऑक्टोबर २००० रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे निधन. त्याच कागदावर शेजारी क्लबची त्या काळातील विजेतेपदे लिहावीत. मोहन बागानने १९६३, १९६४ आणि १९६५ अशी सलग तीन वर्षे ड्युरँड चषक जिंकला, १९६२ ते १९६५ ही चारही वर्षे कलकत्ता लीग जिंकली आणि १९६६ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक उचलला. हे दोन रकाने शेजारी ठेवल्यावर बचावपटूचे मोल प्रथमच डोळ्यांना दिसू लागते. गोल दुसऱ्यांनी केले, पण इतकी वर्षे सातत्याने जिंकणाऱ्या संघाच्या पाठीमागे कोण उभे होते, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

त्यानंतर माणसांकडे जावे. ज्यांनी त्या खेळाडूला प्रत्यक्ष पाहिले असे प्रेक्षक आज वयाने बरेच पुढे गेलेले असतात, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. मुंबईत कूपरेज मैदानावर रोव्हर्सचे सामने पाहिलेली जुनी मंडळी अजून आहेत आणि मोहन बागानविषयीच्या आठवणी केवळ कलकत्त्यातच मिळतील असे समजण्याचे कारण नाही. भेटीत ‘ते कसे खेळायचे?’ असे विचारू नये. या प्रश्नाला ‘फार सुंदर’ एवढेच उत्तर येते आणि सांगणाऱ्याची स्मृती तिथेच थांबते. त्याऐवजी नेमके आणि छोटे प्रश्न विचारावेत : काका, तुम्ही कोणत्या गॅलरीत बसला होता? पाऊस होता का, मैदानात चिखल होता का? समोरचा सेंटर फॉरवर्ड कोण होता? उंच चेंडू आला तर ते जागेवरून उडी घ्यायचे की मागून धावत यायचे? चेंडू मिळाल्यावर लगेच लांब मारायचे की जवळच्या हाफबॅककडे, म्हणजे बचावफळीच्या पुढच्या खेळाडूकडे, द्यायचे? चुकल्यावर काय करायचे? जागा आणि हवामान आठवले की माणसाला खेळही आठवतो. एका वेळी एकाच व्यक्तीशी बोलावे, कारण चार मित्र एकत्र बसले की सर्वांत मोठ्या आवाजातील आठवण सर्वांची होऊन जाते. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचे असल्यास आधी विचारावे.

आठवण जशीच्या तशी छापू नये. ती आधी तपासावी. सांगणारा खोटे बोलतो म्हणून नव्हे, तर स्मृती दोन सामन्यांचा एक सामना करते म्हणून. जकार्ताची गोष्ट याचे उत्तम उदाहरण आहे. जर्नेल सिंग यांच्याविषयी जुने चाहते प्रथम हेच सांगतात की, अंतिम सामन्यात डोके फुटले, पट्टी बांधली आणि त्यांनी गोल केला. यात सत्य भरपूर आहे, पण क्रम सरकलेला आहे. दुखापत गटातील थायलंडविरुद्धच्या सामन्यात झाली आणि डोक्याला टाके पडले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी या बचावपटूला चक्क आघाडीला उभे केले. भारताने तो सामना ३–२ असा जिंकला आणि त्यात जर्नेल यांचा एक गोल होता. ४ सप्टेंबर १९६२ रोजी दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही ते पट्टी बांधून आघाडीलाच खेळले. पी. के. बॅनर्जी यांनी सतराव्या मिनिटाला पहिला गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेल यांनी दुसरा केला आणि भारत २–१ असा जिंकला. याच स्पर्धेच्या गटात याच कोरियाने भारताला २–० असे हरवले होते, त्यामुळे या दोन सामन्यांची सरमिसळ होणे अगदी स्वाभाविक आहे.

क्रम नीट लावल्याने गोष्ट फिकी पडत नाही. माझ्या मते ती अधिक मोठी होते. एका सामन्याच्या आवेशात रक्ताळलेल्या डोक्याने खेळणे वेगळे, आणि टाके घातलेले डोके घेऊन, मधल्या दिवसांत विचार करायला पुरेसा वेळ मिळालेला असताना, पुन्हा एकदा नव्हे तर दोनदा, तेही नव्या जागी, मैदानात उतरणे वेगळे. चेंडू हवेत आला की ज्या कपाळावर पट्टी आहे तेच कपाळ पुढे करावे लागते, हे ज्याने कधी हेडर मारला आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. तपासणीसाठी त्या काळातील वर्तमानपत्रांचे जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत पाहावेत. दोन स्वतंत्र ठिकाणी जुळलेली गोष्टच ठामपणे लिहावी. न जुळलेली पण सुंदर आठवण टाकून द्यायची नसेल, तर सांगणाऱ्याच्या तोंडी, ‘त्यांना असे आठवते’ अशा शब्दांत द्यावी.

बचावपटू एकटा कधीच बचाव करत नाही, म्हणून त्याच्या सोबत्यांना लेखात जागा द्यावी. जकार्तात जर्नेल पुढे गेले तेव्हा बचावाच्या मध्यभागी अरुण घोष यांनी ती जबाबदारी पेलली. ती पेलली गेली नसती तर रहीमसाहेबांना तो डाव खेळताच आला नसता. मराठी आणि गोमंतकीय वाचकांनी याच संघातील फॉर्च्युनाटो फ्रँको यांचे नाव आवर्जून घ्यावे. गोव्यातील कोलवाळचे फ्रँको मुंबईत टाटांच्या संघाकडून आणि महाराष्ट्राकडून हाफबॅक म्हणून खेळले. बचावफळीच्या पुढे उभे राहून तिचे ओझे हलके करणाऱ्या या खेळाडूची २०२१ मध्ये निधन होईपर्यंत आपण पुरेशी दखल घेतली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता प्रत्यक्ष लेखन. संपूर्ण कारकीर्द सांगण्याचा मोह आवरावा आणि एकच प्रसंग निवडून तो सावकाश लिहावा : चेंडू कोणाच्या पायात होता, आपला खेळाडू कुठे उभा होता, तो कोणत्या क्षणी हलला आणि त्यामुळे काय घडायचे राहिले. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. बाकीची माहिती त्या प्रसंगाच्या आधाराने दोन-तीन परिच्छेदांत बसते. दोषही लिहावेत. जर्नेल सिंग यांचे टॅकल कठोर असे आणि प्रतिस्पर्धी आघाडीपटू त्यांना बिचकून असत. हे लपवून त्यांना केवळ सौम्य, सज्जन खेळाडू म्हणून रंगवले तर ज्यांनी त्यांना पाहिले आहे त्यांचा लेखावरचा विश्वास उडेल. पंजाबातून आलेल्या या शीख खेळाडूला कलकत्त्याच्या बंगाली प्रेक्षकांनी आपला मानले. ते नाते लिहिताना मोठी विधाने करण्याऐवजी एखाद्या जुन्या सभासदाला विचारावे की, त्याने हे नाव प्रथम घरात कोणाकडून ऐकले.

कार्यक्रम करायचा असल्यास पुण्यतिथीपेक्षा एखाद्या गाजलेल्या सामन्याचा दिवस निवडावा. जर्नेल यांच्यासाठी ४ सप्टेंबर. त्या दिवशी शोकापेक्षा खेळावर बोलणे होते. कुटुंबीय असतील तर त्यांना आधी कळवावे, कोणती छायाचित्रे वापरणार ते दाखवावे आणि आजारपणाचा किंवा घरगुती तपशील त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नये. संघाच्या छायाचित्राखाली डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत. एखादे नाव ओळखता आले नाही तर ती जागा रिकामी सोडून छायाचित्र उपस्थितांत फिरवावे. जुन्या प्रेक्षकांपैकी कोणीतरी ते बहुधा सांगतेच. व्यासपीठावर वाचायचा मजकूर दहा मिनिटांत संपेल इतकाच ठेवावा आणि उरलेला वेळ ज्यांनी तो खेळाडू पाहिला त्यांना बोलण्यासाठी द्यावा. तेथे मिळालेल्या दुरुस्त्या त्याच आठवड्यात मजकुरात उतरवून, अंतिम प्रत तारखेसह क्लबच्या कार्यालयात, कुटुंबाकडे आणि जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात द्यावी.