गाडीचा सात-बारा: जुन्या रेसिंग कारचा इतिहास कसा काढावा

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्यात. रेसिंग कारशी संबंध शून्य. पण लेक इंग्लंडात नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये राहते, सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकजवळ. तिच्याकडे सहा महिने राहायला गेलो तेव्हा शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी गॅरेजचं दार उघडून एक गाडी दाखवली. चारही चाकं अंगाबाहेर, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीशी आणि आकार गावाकडच्या पत्र्याच्या ट्रंकेसारखा चौकोनी. लोटस १८. सोबत चौसष्ट पानांची फाइल: १९६१ सालची फॉर्म्युला वन गाडी, इथे धावली, तिथे धावली. त्यांना ती कोणाकडून तरी तपासून हवी होती. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही जमिनी मोजायचात, हे बघा ना."

बघितलं. काम तेच निघालं. म्हणून ज्यांच्या हाती अशी गाडी किंवा अशी फाइल येईल त्यांच्यासाठी ही पद्धत लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे फाइल गोष्टीसारखी वाचू नका, तिचे तुकडे करा. मी एका वहीत प्रत्येक दाव्याला एक ओळ दिली: तारीख, गाव, शर्यत, चालक, शर्यतीचा नंबर, रंग, इंजिन आणि शेवटच्या रकान्यात "हे कोण सांगतं?" चौसष्ट पानांतून एकोणीस दावे निघाले. त्यातल्या अकरांसमोर शेवटचा रकाना कोराच राहिला. कोणीच सांगत नव्हतं, फाइलच सांगत होती. जुन्या मालकाने नव्याला सांगितलं, नव्याने टंकून घेतलं, पुढच्याने त्याचा पुरावा केला. आपल्याकडे तोंडी वाटणीचं असंच होतं.

दुसरं, ते मॉडेल नीट समजून घ्या, म्हणजे काय शक्य होतं आणि काय नव्हतं ते कळतं. लोटस १८ ही लोटस कंपनीच्या संस्थापकाची, कॉलिन चॅपमनची, इंजिन मागे असलेली पहिली गाडी. पण हीच गाडी फॉर्म्युला ज्युनियर (उमेदवार चालकांचा धाकटा वर्ग), फॉर्म्युला टू आणि फॉर्म्युला वन अशा तिन्ही वर्गांसाठी विकली गेली आणि तिन्हींत ज्युनियर गाड्याच सर्वांत जास्त. शिवाय १९६० मध्ये फॉर्म्युला वनला अडीच लिटरचं इंजिन चालत होतं, १९६१ पासून मर्यादा दीड लिटरवर आली. म्हणजे १९६१च्या शर्यतीसमोर कोणी अडीच लिटर लिहिलं असेल, तर एक तर ती मोकळ्या नियमांची शर्यत होती किंवा लिहिणाऱ्याने ठोकून दिलं आहे.

नावाने कसा घोटाळा होतो, त्याचं उत्तम उदाहरण याच मॉडेलचं आहे. ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉसने मोनाकोची शर्यत लोटस १८ मधून दोनदा जिंकली, १९६० आणि १९६१. दोन्ही वेळा गाडी रॉब वॉकर यांच्या खाजगी संघाची, गडद निळी, नाकावर पांढरा पट्टा. वरवर पाहणारा म्हणेल, मोनाको दोनदा जिंकलेली गाडी. पण मधे १८ जून १९६० आहे. त्या दिवशी बेल्जियमला स्पा ट्रॅकवरच्या सरावात मॉसच्या गाडीचं मागचं चाक निखळलं, गाडी मोडली आणि मॉसचे दोन्ही पाय. १९६१ला जिंकली ती दुसरी गाडी, चेसी (म्हणजे सांगाडा) नंबर ९१२. रंग, संघ, चालक, मॉडेल, शर्यत, सगळं एक, गाड्या दोन. गटनंबर न बघता फक्त "पाटलाचं शेत" म्हणून खरेदीखत केलं की हेच होतं.

आणि तीच ९१२ ओळखायला फोटो किती उपयोगी पडतो पाहा. १४ मे १९६१ला मोनाकोत उकाड्यामुळे मॉसने बाजूचे पत्रे काढून गाडी चालवली. फोटोत त्याचे हात-पाय उघडे दिसतात. शर्यतीआधी चौकटीच्या एका नळीला तडा सापडला होता. पेट्रोलच्या टाक्या भरलेल्या असताना मेकॅनिक आल्फ फ्रान्सिसने त्यांवर ओली फडकी गुंडाळून तिथल्या तिथे वेल्डिंग केलं. (आमच्या खात्यात याला परवानगी मिळायला तीन महिने लागले असते.) मॉस शंभर फेऱ्यांनंतर रिची गिंथरच्या फेरारीपुढे ३.६ सेकंदांनी जिंकला. कथा म्हणून हे छानच आहे, पण मोजणीदाराला त्यात दोन खुणा दिसतात: काढलेले पत्रे आणि जोडलेली नळी. अशा खुणा शोधायच्या. आरसा कुठे बसवलाय, रिव्हेटच्या ओळी, ठिगळ, पोचा.

फक्त एक ध्यानात असू द्या, पत्रा बदलतो. नाकाचा भाग एका गाडीचा दुसरीला लागतो. म्हणून पत्र्यावरची खूण म्हणजे बांधावरचं झाड, आणि नळ्यांच्या चौकटीवरची खूण म्हणजे मूळ टिपणातलं माप. भांडण झालं तर टिपण खरं.

आता तारखांची पडताळणी. माझं सगळ्यात लाडकं काम. शेजाऱ्यांच्या फाइलीत दोन वेगळ्या पानांवर दोन शर्यती होत्या: गुडवूड, ईस्टरचा सोमवार, आणि पो, एप्रिल १९६१. पो फ्रान्सच्या दक्षिणेला, गुडवूड इंग्लंडात. पंचांग उघडलं. १९६१ साली ईस्टरचा सोमवार ३ एप्रिलला होता आणि पोची शर्यतसुद्धा ३ एप्रिललाच झाली. पोला त्या दिवशी जिम क्लार्क जिंकला, गुडवूडला जॉन सर्टीस. एक गाडी एका दिवशी दोन देशांत धावत नाही. म्हणजे या फाइलीत निदान दोन गाड्यांचे उतारे एकत्र शिवलेले होते. मी हे दाखवलं तेव्हा शेजारी बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत बसले.

छापील कार्यक्रमपत्रिकेवर विसंबू नका. ती शर्यतीच्या आधी छापतात. कोण येणार होतं ते तिच्यात असतं, कोण आलं ते नसतं. निमंत्रणपत्रिकेवर नाव आहे म्हणून माणूस लग्नाला आला होता असं आपण म्हणतो का? शर्यतीनंतरचं वृत्त पाहा. त्यासाठी 'मोटर स्पोर्ट' (१९२४ पासून) आणि 'ऑटोस्पोर्ट' (१९५० पासून) यांचे जुने अंक सोन्यासारखे आहेत. त्यांत मागच्या पानांवरच्या विक्रीच्या छोट्या जाहिराती तर जरूर वाचा. गाडी कधी विकायला निघाली, तेव्हा तिच्यात कोणतं इंजिन होतं, हे मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं, आणि त्या वेळी त्याला साठ वर्षांनंतर कोणाला फसवायचं नव्हतं.

चेसीच्या पाटीबद्दल: ती सर्वांत शेवटी बघा. पाटी चार रिव्हेटवर असते. त्या काळी गाड्या सीमा ओलांडून न्यायच्या तर जकातीच्या कागदावर, ज्याला कार्ने म्हणतात, ठरावीक नंबर असायचा. तो कागद ज्या गाडीचा ती तयार नसली की संघ पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावत. लबाडी नव्हे, निकड. पण परिणाम तोच, हद्दीचा दगड सरकला. इंजिनाचा नंबर तर त्याहून फिरता, एका हंगामात इंजिन तीन गाड्यांत जायचं.

पाटीआधी गाडीखाली आडवं व्हा. मी झालो, साठी उलटून गेलेली असताना. आमच्या गाडीत क्लायमॅक्स इंजिन होतं, त्या काळी फॉर्म्युला वनमध्ये वापरलं जाणारं, आणि फाइल फॉर्म्युला वन म्हणत होती. पण इंजिनाच्या मागच्या नळ्यांवर कधीकाळी कापून घासलेल्या ब्रॅकेटच्या खुणा होत्या, दुसऱ्याच इंजिनाच्या अंतराच्या. ज्युनियर गाडीत फोर्डचं छोटं इंजिन असायचं आणि ब्रेक ड्रमचे. मोठ्या गाडीला डिस्क. आमच्या गाडीचे ब्रेक डिस्कचे होते, पण ते धरणारे भाग नळ्यांपेक्षा खूपच तरुण. गाडी ज्युनियर म्हणून जन्मली आणि नंतर कोणीतरी तिला थोरल्या भावाचे कपडे घातले, असा माझा निष्कर्ष. पंचनामा म्हणून मी प्रत्येक जोडाचा फोटो पट्टी ठेवून काढला.

आणखी एक कागद लोक पुढे करतात, आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट. तो गाडी त्या काळच्या नियमांप्रमाणे आहे एवढंच सांगतो, ती तीच गाडी आहे असं नाही.

"तीच गाडी" म्हणजे काय, यावर मात्र कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण आहे. गाडी उघड्या चाकांची नव्हे, पण मुद्दा हाच. १९२९ आणि १९३०ला फ्रान्समधली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली बेंटली, 'ओल्ड नंबर वन'. इतकी वेळोवेळी बदललेली की ठरलेली किंमत द्यायला खरेदीदाराने नकार दिला. १९९०ला लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला: मूळ सुटे भाग फार उरले नसले, तरी गाडीचं अस्तित्व मधे कधी तुटलेलं नाही, म्हणून तिला त्या नावाने विकता येतं. मला हा निकाल पटतो. वहिवाट अखंड असेल तर बांध नवा घातला तरी शेत तेच. पण वहिवाट दाखवायला लागते, आणि म्हणूनच मधली कोरी वर्षं सर्वांत महत्त्वाची. मोठ्या शर्यतीनंतर गाड्या टेकडीचढाच्या स्पर्धांत, न्यूझीलंडला, दक्षिण आफ्रिकेला गेल्या, कोठारात पडल्या. तिथला तपास कंटाळवाणा असतो आणि तिथेच खोटं शिरतं.

शेवटी अहवाल लिहिताना तीन रंग वापरा. निळं: दोन स्वतंत्र साक्षी आहेत. काळं: एकच. पेन्सिल: कोणीतरी म्हणतं.

शेजाऱ्यांची फाइल आता सतरा पानांची आहे. १९६४ ते १९६९ यांच्यासमोर नुसती पेन्सिलीची रेघ आहे. गाडीचा निळा रंग त्यांनी अजून काढलेला नाही, पण नाकावरचा पांढरा पट्टा गेल्या महिन्यात खरवडला. खाली हिरवा निघाला, आणि डाव्या बाजूला रुपयाएवढा पोचा. तसा पोचा असलेली हिरवी ज्युनियर आम्ही जुन्या फोटोंत शोधतो आहोत. ते तिकडून, मी इथे साताऱ्यात भिंग घेऊन.