तेराव्यानंतरची घाई: घरातलं माणूस गेल्यावर या चुका टाळा

नाशिककरांना मरणानंतरचे विधी नवे नाहीत. अस्थी घेऊन रामकुंडावर रोज गावोगावची माणसं येतात, कारण इथल्या कुंडात अस्थी विरघळून जातात अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दहावा होतो, घरी तेरावा होतो, गोडाचं जेवण होतं आणि पाहुणे आपापल्या गावी जातात. या तेरा दिवसांत काय करायचं ते भटजी सांगतात, भाऊबंद सांगतात. चौदाव्या दिवसापासून सांगणारं कोणी नसतं. मग घरातले लोक भराभर काहीतरी उरकायला लागतात. मला दिसलेल्या बहुतेक चुका या उरकण्यातूनच झालेल्या आहेत.

"किती दिवस रडणार?"

महिना झाला की हा प्रश्न सुरू होतो. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणारा माणूस त्या दिवसापासून रडणं लपवायला शिकतो. आपल्या परंपरेनं इतकी घाई कधीच केलेली नाही. दर महिन्याचं मासिक श्राद्ध, मग वर्षश्राद्ध, पुढे भाद्रपदातला पितृपक्ष, आणि वर्षभर घरात सणवार साधेच. विधींवर विश्वास असो वा नसो, एका माणसाच्या जाण्याला निदान वर्ष द्यावं लागतं हे जुन्या लोकांना कळलेलं होतं.

दुःखाचे पाच टप्पे असतात, असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले, पण असाध्य आजार झालेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते टप्पे क्रमानं पार करायचे, अशी काही सक्ती नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलेलं मला जास्त खरं वाटतं. सावरणारा माणूस आठवणी आणि रोजची कामं या दोन्हींमध्ये सतत ये-जा करतो. सकाळी बँकेत जाऊन खात्याची कामं नीट करून आलेली बाई संध्याकाळी नवऱ्याचा शर्ट हातात घेऊन तासभर बसते. तिचं काही बिघडलेलं नाही. तिला दोन्ही करू द्या.

वर्षाच्या आत लग्न

याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. "वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल" हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येतं. वडील जाऊन चार महिने झालेले असतात आणि मुलीला दाखवण्याचे कार्यक्रम सुरू होतात. ती धड जेवतही नसते, तरी समोर बसलेल्या मुलाबद्दल तिनं आयुष्यभराचा निर्णय घ्यायचा असतो. नाही म्हणायची ताकद तिच्यात नसते, आणि आईला त्रास नको म्हणूनही ती हो म्हणते. वडिलांच्या आठवणीनं रडायची वेळ येते ती नव्या घरी, जिथे त्यांना कोणी ओळखतही नव्हतं.

आधीच ठरलेलं आणि मुलीला मनापासून हवं असलेलं लग्न साधेपणानं करायला हरकत नाही. पण केवळ ही मुदत गाठायची म्हणून स्थळ शोधू नका. घरातल्या मोठ्यांपैकी एकानं, काका असो की मामा, "आपण थांबू" एवढं स्पष्ट म्हटलं तरी मुलीला बोलायला जागा मिळते.

कागदांवरच्या सह्या

गंगापूर रोड, मखमलाबाद, आडगाव या भागांत जमिनीचे भाव चढल्यापासून दिवसकार्य संपायच्या आत बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवलं गेल्याचं ऐकायला मिळतं. आल्यासारखी सही करून जा, असं म्हणतात. रडून डोळे सुजलेली बहीण सही करते, आणि वर्षभरानं तिला कळतं की आपण काय लिहून दिलं. पुढे भाऊबीज बंद होते. आईवडील गेल्याच्या दुःखात माहेर तुटल्याचं दुःख मिसळलं की दोन्ही बरी व्हायला फार काळ लागतो.

म्हणून कशाला मुदत आहे आणि कशाला नाही, ते वेगळं करून घ्या. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखाना कळवतो, घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायचं. शेतजमीन असेल तर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. विमा आणि पेन्शनची कागदपत्रं एका पिशवीत गोळा करून ठेवा. हक्कसोडपत्राला मात्र अशी कुठलीही मुदत नाही. घर विकणं, आईला कोणाकडे ठेवायचं ते ठरवणं, शेत वाटून घेणं, हे सगळं वर्षश्राद्धानंतरही करता येतं. आणि हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो सोडायचा की नाही, हे तिनं शांत डोक्यानं ठरवावं.

कपाटाचंही तेच. कपडे एका दिवसात देऊन टाकू नका. एक कप्पा तसाच राहू द्या.

मुलांशी खोटं बोलणं

"बाबा गावाला गेलेत" असं सांगितलं की लहान मूल दाराकडे बघत राहतं. "आजी झोपली" म्हटलं तर त्याला स्वतः झोपायची भीती वाटायला लागते. सरळ सांगा: बाबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. शेवटचं वाक्य विसरू नका, कारण मुलं मनातल्या मनात स्वतःला दोष देतात. अर्धा तास रडून मूल खेळायला पळालं तर "याला काही कळत नाही" असं म्हणू नका. त्याचं दुःख तसंच तुकड्यातुकड्यांनी येतं.

"आता तूच कर्ता"

बावीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून हे वाक्य म्हटलं जातं आणि त्याचं रडणं तिथेच थांबतं. तो अंबडच्या कंपनीत शिफ्ट धरतो, हप्ते भरतो, आणि त्याचं कसं चाललंय हे विचारायचं कोणाला सुचत नाही. अशा पोरांना दारू लवकर जवळची होते. झोपेसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणण्याची सवयही इथूनच लागते. त्याला जबाबदारी द्या, पण वाटून द्या. घरातल्या एका मोठ्या पुरुषानं त्याच्यासमोर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन डोळ्यांत पाणी आणलं, तर त्यालाही रडता येईल.

"मुंबईला नेलं असतं तर"

आजारपणानंतर मृत्यू झालेल्या जवळजवळ प्रत्येक घरात हा विचार असतो. "देवाची मर्जी" म्हणून तो दाबला तर रात्री परत येतो. त्यापेक्षा रिपोर्ट घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे एकदा जा आणि मनातला प्रश्न आहे तसाच विचारा. त्या वेळी हातात जेवढी माहिती होती, तेवढ्यावर आपण निर्णय घेतला, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर पुष्कळांना हलकं वाटतं.

नातेवाइकांनी "काही लागलं तर सांग" म्हणून निघून जाऊ नये. दुःखातला माणूस सांगत नाही. "शनिवारी येतो, तलाठ्याकडे बरोबर जाऊ" असं सांगा आणि जा. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना, हेही बघा. अशा दिवसांत त्या हमखास चुकतात.

मदत घ्यायला उशीर

कुणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करतं आणि त्यांना त्यातून आधार मिळतो, तो मिळू द्या. पण कित्येक आठवडे झोप नाही, जेवण नाही, घराबाहेर पाऊल नाही, अशी स्थिती असेल तर पूजेबरोबर डॉक्टरही हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडवून ठेवणाऱ्या तीव्र दुःखाला आता वेगळं नाव आहे आणि त्यावर उपचार होतात. "मलाही त्यांच्याकडे जायचंय" असं कोणी बोललं, तर सहा महिनेच काय, एक दिवसही थांबू नका. जीव द्यायचा विचार येतो का, असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका, सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. रात्रीची वेळ असेल तर 14416 लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत, आणि मराठीत बोलता येतं.