कुकडीच्या खोऱ्यातील लेणी, शिलालेख आणि रांजणखळगे : पाहावेत कसे

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका बहुतेकांना शिवनेरी आणि लेण्याद्री यांमुळे ठाऊक असतो आणि बहुतेक जण ही दोन ठिकाणे पाहून परततात. परंतु कुकडी नदी सह्याद्रीच्या कुशीत जिथे उगम पावते तिथपासून पुढे घोड नदीला मिळण्याआधी निघोजला ती जिथे कातळ पोखरते तिथपर्यंतचा पट्टा सलगपणे पाहिला, तर निसर्गाने घडवलेले आणि माणसाने घडवलेले असे दोन वेगळे कप्पे करण्याची गरजच राहत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून जो काळा कातळ तयार झाला, त्यातूनच घाटवाट फोडली गेली, त्यातच भिक्षूंसाठी विहार खोदले गेले आणि त्यालाच नदीने रांजणांचे आकार दिले. म्हणून हा प्रवास नदीच्या क्रमाने, पश्चिमेकडून पूर्वेकडे आखावा आणि त्यासाठी किमान दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवावेत.

मुक्कामासाठी जुन्नर किंवा पुणे–नाशिक महामार्गावरील नारायणगाव सोयीचे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात नाणेघाटाचे रूप देखणे असले, तरी धुके आणि वारा यांमुळे तिथले कडे धोक्याचे होतात, शिवाय निघोजचे रांजणखळगे पुराच्या पाण्याखाली जातात. एसटीने फिरणाऱ्यांनी जुन्नरच्या स्थानकावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण नाणेघाटाजवळच्या घाटघर गावाच्या बाजूला फेऱ्या मोजक्याच असतात. या तालुक्यात उसाच्या शेतांतून बिबट्याचा वावर नेहमीचा आहे. त्यामुळे अंधार पडल्यावर आडवाटेने पायी जाणे टाळावे आणि लहान मुलांना एकटे पुढे सोडू नये.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर निघून नाणेघाट गाठावा. वाटेत पूर गावी, कुकडीच्या उगमाजवळ, कुकडेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आहे. तिथे थोडा वेळ थांबावे. नाणेघाट ही कल्याण आणि सोपारा या बंदरांना जुन्नरशी जोडणारी प्राचीन व्यापारी वाट. घाटमाथ्यावरील मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरेने सांगितले जाते. माथ्यावरून कातळातील अरुंद खिंडीने थोडे खाली उतरले की सातवाहनांचे लेणे लागते. त्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील ब्राह्मी लेख आहे. त्यात इंद्र, संकर्षण, वासुदेव, यम, वरुण, कुबेर अशा देवतांना वंदन असून पुढे अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची नोंद आहे. दानांच्या या आकड्यांमुळे भारतीय अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांमध्ये या लेखाची गणना होते. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि राजकुमार यांच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा एवढेच उरले आहे.

अनेक पर्यटक या लेण्यात दोन मिनिटे डोकावून बाहेर पडतात, कारण पहिल्या नजरेत भिंत नुसतीच खडबडीत दिसते. लेख वाचण्याची खरी किल्ली प्रकाशाच्या दिशेत आहे. विजेरी अक्षरांवर समोरून मारली की सगळे सपाट होते. तीच भिंतीच्या जवळ, जवळजवळ समांतर धरून बाजूने प्रकाश टाकला की प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि कोरे वाटणाऱ्या दगडातून ओळीमागून ओळ वर येते. विजेरी धीम्या हाताने डावीकडून उजवीकडे न्यावी, एका ओळीवर थांबावे आणि ओळखीची अक्षरे शोधावीत. ब्राह्मीतील ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा असतो, ‘ग’ उतरत्या छपरासारखा, ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ आणि ‘थ’ म्हणजे मध्यभागी ठिपका असलेले वर्तुळ. एवढ्या तयारीवरही नावांमधली काही अक्षरे स्वतः ओळखता येतात आणि तो आनंद छापील माहितीफलकाने मिळत नाही. लेखाचे देवनागरी लिप्यंतर घरूनच छापून आणावे, कारण तिथे मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही.

अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू घासणे, पाणी मारणे किंवा बोटाने खाचा साफ करणे हे कटाक्षाने टाळावे. दोन हजार वर्षांच्या वाऱ्यापावसाने झिजलेला पृष्ठभाग अशा घासण्याने झपाट्याने सुटतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाची नासधूस करणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा असून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिक्षेची भीती नसती, तरीही नागनिकेच्या नावाशेजारी स्वतःचे नाव कोरणाऱ्याचा हात तिथल्या तिथे धरायला हवा, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशीची सकाळ लेण्याद्रीला द्यावी. जुन्नरपासून सुमारे पाच किलोमीटरवरील या डोंगरात तीसेक लेणी एका रांगेत आहेत. सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज असल्याने गर्दी तिथेच एकवटते, पण शेजारचे सहावे लेणे, म्हणजे चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह), आवर्जून पाहावे. त्याच्या दर्शनी भागावर कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिल्याचा लेख आहे. आदल्या दिवशी पाहिलेली घाटवाट कशासाठी होती, याचे उत्तर या एका ओळीत सापडते : बंदराकडचा दानशूर माणूस याच वाटेने जुन्नरशी बांधलेला होता. जुन्नरच्या लेखांतील ‘देयधम’ हा शब्द, म्हणजे धर्मार्थ दिलेले दान, एकदा ओळखीचा झाला की तो ठिकठिकाणी भेटू लागतो. दात्यांमध्ये यवन म्हणवणारे परदेशीही आहेत.

वेळ आणि पाय साथ देत असतील, तर लेण्याद्रीनंतर तुळजा लेणीही पाहावीत. तिथले चैत्यगृह वर्तुळाकार असून स्तूपाभोवती बारा खांबांचे कडे आहे; अशी रचना पश्चिम भारतातील लेण्यांत विरळा. मानमोडी डोंगरातील लेण्यांचे गट पाहण्यासाठी मात्र वाट माहीत असलेला गावकरी सोबत घ्यावा आणि त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा. शिवनेरीला वेगळी अर्धी सकाळ लागते. तिथे शिवजन्मस्थानाबरोबर कड्यातील बौद्ध लेणीही पाहून यावीत. या सगळ्या डोंगरांवर आग्या मोहोळ असते. धूर, फटाके, मोठ्याने आरडाओरडा आणि उग्र अत्तर यांमुळे माशा उठतात. त्या उठल्याच तर हात न झटकता डोके व तोंड कापडाने झाकून शांतपणे दूर जावे.

जुन्नरच्या पूर्वेला, कुकडीच्याच काठी, बोरी बुद्रुक येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा फिकट थर आहे. ही राख इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीची असल्याचे मानले जाते. ती नेमकी कोणत्या उद्रेकाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. याच परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारेही मिळाली आहेत. इथे पाहण्यासारखे भव्य काही नाही, पण काठाचा उघडा पडलेला उभा छेद बघताना खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, एवढे ध्यानात ठेवले की माती बोलू लागते. राख चिमटीने काढू नये आणि हत्यारासारखा दिसणारा दगड उचलून खिशात घालू नये. दगड कोणत्या थरात होता, हाच त्याचा पुरावा असतो आणि जागेवरून हलवल्यावर तो पुरावा नाहीसा होतो. काही महत्त्वाचे दिसले, तर मापासाठी शेजारी पेन ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.

आणे घाटाजवळ गुळुंचवाडी येथे ओढ्याच्या पाण्याने कातळाच्या खालचा भाग कोरून काढल्यामुळे नैसर्गिक दगडी पूल तयार झाला आहे. कमानीखाली उतरून वर पाहिले, तर तिची जाडी आणि कातळातील थर दोन्ही समजतात. पाऊस सुरू असताना खाली उतरू नये.

शेवटी निघोज. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या मधून वाहणाऱ्या कुकडीच्या पात्रात शेकडो खळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात, कातळ खरवडतात आणि खळगा खोल होत जातो; मग शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून ते एकमेकांत मिसळतात. पाणी ओसरल्यावर एखाद्या कोरड्या, उथळ खळग्यात वाकून पाहावे. तळाशी अजूनही गुळगुळीत वाटोळे गोटे पडलेले असतात आणि आतल्या भिंतीवर आडवे, गोलाकार चर दिसतात. हे गोटे म्हणजे नदीची हत्यारे आहेत. ते उचलून नेऊ नयेत. खळग्यांच्या कडा पॉलिश केल्यासारख्या निसरड्या असतात आणि पाण्याने भरलेल्या खळग्याची खोली वरून कळत नाही. सरळ, उभ्या भिंतींमुळे आत पडलेल्याला वर चढायला काहीच आधार मिळत नाही. म्हणून चांगली पकड असलेली पादत्राणे घालावीत, कडेपासून दोन पावले मागे राहावे, सेल्फीसाठी पाठमोरे सरकू नये आणि पोहता येत असले तरी पात्रात उतरू नये. वरच्या धरणांतून पाणी सोडले जाणार आहे का, याची चौकशी काठावरच्या मळगंगा देवीच्या मंदिराजवळ करूनच पात्रातील कातळावर पाऊल टाकावे.